गळाला लागलेला मोठा जिताडा बहुतेक मादी का असतो?

अलिबाग-पेणच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, गळ टाकणारा माणूस घड्याळाआधी तिथी बघतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते: चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६, पुनवेला सव्वाअकराच्या सुमारास. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो आणि भरतीही जवळपास तेवढीच पुढे सरकते, म्हणून हा जुना हिशेब आजही कामाला येतो. उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीच्या, दिवसांत लहानशा खाडीतही पाण्याला जोर असतो. भांगात, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीत, पाणी सुस्तावतं आणि मासाही.

अशा खाडीवर जिताड्याची सगळ्यात खात्रीची जागा म्हणजे उघाडीचं, बांधातल्या पाणी सोडायच्या दाराचं, तोंड. ओहोटी लागली की बांधाआडचं पाणी उघाडीच्या दारातून बाहेर पडतं आणि त्यासोबत कोळंबी, बोयटांची पिल्लं वाहत येतात. जिताडा मुख्य धारेत थांबत नाही. धारेच्या कडेला पाणी जरा मंद असतं, तिथे तो प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो. भक्ष्य टप्प्यात आलं की जबडा आणि कल्ल्यांची झाकणं एका झटक्यात फाकतात. तोंडातली पोकळी अचानक मोठी होते, आतला दाब घटतो आणि पाण्यासकट कोळंबी आत खेचली जाते. रात्री उघाडीवर ‘बुळुक्’ असा आवाज येतो तो याच झटक्याचा. आमिष प्रवाहाबरोबर सैल वाहू द्यावं असं जुने गळवाले सांगतात, त्यामागेही हेच कारण आहे. ताणलेल्या दोरीवरची कोळंबी त्या ओढीत सहज आत जात नाही. गरीजवळची (गळाच्या काट्याजवळची) दोरी मात्र जाड हवी, कारण जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी धारदार असते आणि झटापटीत साधी तंगुसाची (नायलॉनची) दोरी तिथे सहज तुटते.

इथवर बहुतेक गळवाल्यांना ठाऊक असतं. ज्या गोष्टीबद्दल फार कमी बोललं जातं ती त्या माशाच्या पोटात आहे.

जिताडा, म्हणजे गोव्याचा चोणक आणि बंगालची भेटकी, शास्त्रीय नाव लेट्स कॅल्कॅरिफर. हा मासा सहसा आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो. तीन-चार वर्षांचा, साधारण ५५-६० सेंटिमीटरचा झाला की नर वयात येतो आणि काही हंगाम तो नर म्हणूनच प्रजननात भाग घेतो. पुढे सहा ते आठ वर्षांच्या सुमारास, एखादा हंगाम उरकल्यावर, त्याच्या शरीरातली वृषणाची ऊती विरत जाते आणि तिथेच अंडाशयाची ऊती वाढू लागते. बदल एकदा झाला की पुढचं सगळं आयुष्य मादीचं. जागेनुसार आणि वाढीच्या वेगानुसार वय थोडं मागेपुढे होतं, काही मासे सुरुवातीपासून मादी असल्याचंही आढळलं आहे. पण सर्वसाधारण चित्र हेच: लहान ते नर, मोठ्या त्या माद्या.

निसर्गात हे टिकलं कसं, याचं उत्तर आकारमानात आहे. शुक्राणू सूक्ष्म असतात, लहान नरालाही ते भरपूर तयार करता येतात. अंड्यांना मात्र पोटात जागा लागते आणि साठवलेलं अन्न लागतं. माशाची लांबी दुप्पट झाली की वजन जवळजवळ आठपट होतं, आणि अंड्यांची संख्याही त्याच चालीने वाढते. मीटरभराच्या पुढच्या मादीत ती कोटीच्या घरात जाते. आयुष्याची मोठी वर्षं मादी म्हणून काढली तर एका माशाला जास्तीत जास्त पिल्लं मागे ठेवता येतात.

मादी मिळायला मासा मोठा होईपर्यंत थांबावं लागतं, ही अडचण मत्स्यबीज तयार करणाऱ्यांना चांगलीच माहीत आहे. चेन्नईच्या ‘सीबा’ या निमखाऱ्या पाण्यातल्या मत्स्यसंवर्धनावर काम करणाऱ्या केंद्रीय संस्थेने १९९७ साली भारतात प्रथमच बंदिस्त जागेत जिताड्याचं प्रजनन यशस्वी केलं. बीज काढायचं तर नुसते वयात आलेले मासे पाळून भागत नाही, मादी होण्याइतके मोठे मासे वर्षानुवर्षं सांभाळावे लागतात.

खाडीत हे सांभाळायचं काम कोणीच करत नाही. नदीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात, अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या रात्री चढत्या भरतीला अंडी सोडली जातात. अंडं मिलिमीटरपेक्षा लहान असतं आणि दिवस उलटायच्या आत फुटतं. भरती ती पिल्लं आत, कांदळवनाच्या मुळांशी नेऊन सोडते. आपल्या किनाऱ्यावर याचा जोर पावसाळ्यात असतो. जून-जुलैची मासेमारी बंदी यांत्रिक नौकांसाठी आहे, बांधावर रॉड घेऊन बसलेल्याला ती अडवत नाही. लहान खाडीत मोठ्या माद्या असतात तरी किती? त्यातल्या दोन-तीन एका पावसाळ्यात गेल्या, तर तेवढीच नवी मादी तयार व्हायला सहा-सात वर्षं थांबावं लागतं.

ऑस्ट्रेलियात याच माशाला बारामंडी म्हणतात आणि हौशी गळवाल्यांचा तो लाडका मासा आहे. तिथल्या क्वीन्सलँड राज्यात खाड्या-नद्यांमधला ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि १२० सेंटिमीटरपेक्षा मोठा मासा पाण्यात परत सोडावा लागतो. खालची मर्यादा नराला निदान एकदा प्रजननाची संधी मिळावी म्हणून, वरची मोठ्या माद्यांसाठी. आपल्या खाड्या त्या मानाने फारच लहान, म्हणून मला वाटतं हौशी माणसाने वरची मर्यादा स्वतःहून ८० सेंटिमीटरवर आणावी. ६० ते ८० मधला जिताडा घरी न्यावा, आनंदाने खावा. चवीलाही तोच सरस.

सोडायचा मासा नीट सोडला पाहिजे. जबड्याला धरून उभा लटकवला तर पाण्याबाहेर त्याचं स्वतःचंच वजन कण्यावर आणि आतल्या अवयवांवर येतं, म्हणून फोटो काढायचाच तर दोन्ही हातांवर आडवा धरून. हात आधी ओले करावेत, कोरड्या हातांनी अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि जंतूंना वाट मिळते. गरीचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून ठेवला तर ती क्षणात निघते. एप्रिल-मेच्या कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो, तेव्हा माशाला फार वेळ खेळवून दमवू नये. मासा मोजायची पट्टी बांधावर न अंथरता ओल्या गोणपाटावर अंथरावी.