जैविक व अजैविक घटकांचे अध्यापन

एखाद्या जागेवरचे सजीव आणि त्यांना धरून असलेले ऊन, पाणी, माती, हवा, खडक हे निर्जीव घटक मुलांना तिथेच नेऊन ओळखायला शिकवण्याची पद्धत. हे सजीव व निर्जीव घटक मिळून जी बनते ती परिसंस्था. ही संकल्पना ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टॅन्सली यांनी १९३५ मध्ये मांडली. महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांत हा भाग ‘परिसर अभ्यास’ या विषयात येतो.

वर्गात तो बहुधा दोन रकान्यांत उरकला जातो : एकीकडे सजीव, दुसरीकडे निर्जीव. पण हलते ते जिवंत, असे लहान मुलांना वाटते, हे स्विस मानसशास्त्रज्ञ झां प्याजे यांनी दाखवले होते. त्यामुळे ढग सजीवांत जातो आणि हरभऱ्याचा दाणा निर्जीवांत. दाण्याचे कोडे मोड आणले की सुटते. वाळके पान किंवा शिंपला यांचे काय, हा प्रश्न मात्र वर्गात थोडा रेंगाळू द्यावा. गोड्या मसाल्यातले दगडफूलही भिंगाखाली धरण्यासारखे आहे. ते कवक आणि शैवाल यांच्या सहजीवनातून बनते.

दोन्ही घटकांचा संबंध कळायला कोकणातला जांभ्याचा सडा, म्हणजे जांभा खडकाचे उघडे पठार, फार चांगला. उन्हाळ्यात तो काळा, तापलेला, ओसाड दिसतो. माती असते ती खळग्यांपुरती, जेमतेम काही बोटे. पाऊस लागला की त्याच खळग्यांत बेडूकमासे वळवळतात आणि पुढे जांभळी-निळी सीतेची आसवं फुलतात. या मातीत नायट्रोजन आणि फॉस्फरस कमी. ती तूट ही वनस्पती मातीतल्या ओलाव्यात बुडालेल्या इवल्या पिशव्यांत सूक्ष्म जीव ओढून भरून काढते. खडक नापीक का आणि हे झाड मांसाहारी का, या दोन प्रश्नांना मुलांना एकच उत्तर सापडते.

साहित्य साधेच : सुतळी, फूटपट्टी, भिंग, थर्मामीटर. सुतळीने मीटरभर चौकोन आखून उघड्या कातळाचे आणि गवताच्या बुडाचे तापमान एकाच वेळी मोजायचे, मातीची जाडी पाहायची आणि तोच चौकोन जूनमध्ये, सप्टेंबरमध्ये व मार्चमध्ये पुन्हा तपासायचा. एकदाच काढलेली सहल म्हणजे फक्त फुले पाहणे.

सुटे दगड मुलांनी उचलायचे नाहीत. सड्यावर त्यांच्याखाली फुरसे हा विषारी साप किंवा विंचू असू शकतो, म्हणून दगड शिक्षकांनीच लांब काठीने कलता करावा आणि खालची ओल उडण्याआधी होता तसा बसवावा.