कोपा लिबर्तादोरेसची गटसाखळी: गटातून पुढे किती जायचे?

एप्रिल २०१५ मध्ये रिव्हर प्लेट हा अर्जेंटिनाचा बलाढ्य फुटबॉल क्लब कोपा लिबर्तादोरेस या दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेत गटसाखळीतच गारद व्हायच्या बेतात होता. पहिल्या पाच सामन्यांत एकही विजय नाही, चार बरोबरी आणि एक हार. शेवटचा सामना रिव्हरने ३-० असा जिंकला, पण तेवढ्याने भागणार नव्हतं. पेरूच्या हुआन आउरिचने तिग्रेसला हरवलं असतं तर रिव्हर घरी बसला असता. मेक्सिकोच्या तिग्रेसची पुढची फेरी आधीच पक्की झालेली, संघात बरेचसे राखीव खेळाडू. तरी तिग्रेस ५-४ ने जिंकला आणि रिव्हर सात गुणांवर कसाबसा पुढे सरकला.

बाद फेरीत आलेल्या सोळा संघांत त्याचं मानांकन सोळावं. त्या वर्षीच्या नियमानुसार सोळाव्याची गाठ पहिल्याशी, आणि पहिला होता सहापैकी सहा सामने जिंकून आलेला बोका ज्युनियर्स, म्हणजे रिव्हरचा सख्खा वैरी. बोकाच्या मैदानावरच्या परतीच्या, म्हणजे दोनपैकी दुसऱ्या लढतीत मध्यंतरानंतर रिव्हरचे खेळाडू बोगद्यातून बाहेर येत असताना त्यांच्यावर मिरपूड-फवारा मारला गेला. सामना थांबला आणि बोकाला स्पर्धेबाहेर काढण्यात आलं. पुढे अंतिम लढतीत रिव्हरने हरवलं कुणाला, तर ज्याच्या राखीव खेळाडूंनी त्याला तारलं होतं त्याच तिग्रेसला.

गटसाखळीत काठावर पास झालेला संघ चषक उचलतो, हे कोपा लिबर्तादोरेसमध्ये नवल नाही. आदल्याच वर्षी अर्जेंटिनाचाच सान लोरेन्सो असाच आठ गुणांवर निसटून पुढे गेला आणि विजेता ठरला होता. मग ही गटसाखळी नेमकी निवडते काय? त्याचं उत्तर तिच्या जडणघडणीत सापडतं. प्रश्न सुरुवातीपासून एकच राहिला आहे: गटातून पुढे किती जायचे? त्याचं उत्तर दर दहा-पंधरा वर्षांनी बदलत गेलं.

१९६० साली पहिली स्पर्धा झाली तेव्हा गट नव्हतेच. सात देशांचे सात विजेते, थेट बाद पद्धत, आणि उरुग्वेचा पेन्यारोल पहिला विजेता. त्याही आधी, १९४८ मध्ये चिलीच्या कोलो-कोलोने सान्तियागोत सात क्लबांची एक स्पर्धा भरवली होती. तिथे प्रत्येक जण प्रत्येकाशी खेळला आणि ब्राझीलचा वास्को द गामा पहिला आला. म्हणजे साखळीची कल्पना या खंडाला नवी नव्हती.

लिबर्तादोरेसमध्ये गट आले १९६२ साली. तीन-तीन संघांचे तीन गट, प्रत्येकातून फक्त पहिला उपांत्य फेरीत. चौथी जागा गतविजेत्या पेन्यारोलला, एकही साखळी सामना न खेळता. त्या वर्षी पेलेच्या सान्तोसने गटात पाराग्वेच्या सेरो पोर्तेन्योचा ९-१ असा फडशा पाडला आणि पुढे पेन्यारोललाही हरवून चषक जिंकला. मग गतविजेत्याची सवलत सान्तोसकडे आली. १९६३ चं विजेतेपद त्याने अवघ्या चार सामन्यांत मिळवलं: दोन ब्राझीलच्याच बोताफोगोशी, दोन बोकाशी.

ही सवलत बारीक अक्षरातली वाटली तरी तिने इतिहास घडवला. अर्जेंटिनाच्या इंदिपेन्दिएन्तेने १९७२ ते १९७५ अशी ओळीने चार विजेतेपदं मिळवली आणि हा विक्रम आजही अबाधित आहे. मात्र यातली शेवटची तीन विजेतेपदं त्याला पहिली गटसाखळी न खेळताच मिळाली. यात त्या संघाचं कर्तृत्व कमी होतं असं मला वाटत नाही, पण आजच्या विजेत्यांशी तुलना करताना हा फरक कुणी सांगत नाही.

१९६६ मध्ये प्रत्येक देशाच्या उपविजेत्यालाही प्रवेश मिळाला आणि स्पर्धेचं रूपच पालटलं. ब्राझीलला हे पसंत नव्हतं. त्या वर्षी तिथला एकही क्लब उतरला नाही, १९६९ आणि १९७० मध्येही नाही. गट मात्र फुगले. १९६६ मध्ये रिव्हर आणि बोका ज्या गटात होते त्यात अर्जेंटिना, पेरू आणि व्हेनेझुएलाचे मिळून सहा संघ, म्हणजे प्रत्येकाला दहा सामने. रिव्हरच्या दानिएल ओनेगाने त्या मोसमात १७ गोल केले. एका मोसमातला हा उच्चांक अजून कुणाला मोडता आलेला नाही, आणि त्याला त्या लांबलचक साखळीचा हातभार नक्कीच आहे.

१९७१ पासून व्यवस्था स्थिरावली. चार संघांचे पाच गट, एका गटात दोन देशांचे दोन-दोन क्लब. म्हणजे आपल्याच देशाचा प्रतिस्पर्धी हमखास गटात, आणि दूरचा प्रवास एकाच देशाचा. पुढे जाणार फक्त पहिला. हे पाच जण आणि गतविजेता मिळून तीन-तीनचे दोन गट, त्यांचे विजेते अंतिम फेरीत. सहा सामन्यांत एक पाय घसरला की वर्ष संपलं, इतकी ती साखळी निर्दय होती. माझ्या मते लिबर्तादोरेसची धसमुसळी प्रतिमा घडली ती याच काळात, आणि तिच्यात या नियमाचा मोठा वाटा आहे.

पहिल्याच वर्षी त्याची चुणूक दिसली. १७ मार्च १९७१ रोजी बोकाच्या मैदानावर पेरूचा स्पोर्टिंग क्रिस्टल २-२ अशा बरोबरीत खेळत होता. बोकाला विजय हवाच होता. शेवटच्या मिनिटांत अशी हाणामारी जुंपली की पंचांनी १९ खेळाडूंना बाहेर काढलं. बोकाची त्या वर्षीच्या स्पर्धेतून हकालपट्टी झाली.

दुसरं उदाहरण १९८१ चं, आणि ब्राझीलमध्ये त्यावरून अजून भांडणं होतात. फ्लामेंगो आणि आत्लेतिको मिनेइरो एकाच गटात, सहा सामन्यांनंतर दोघांचे गुण समान. जागा एकच, म्हणून गोइयानियात निर्णायक सामना ठेवला गेला. पंच जोझे रोबेर्तो राइट यांनी पहिल्या अर्ध्यातच आत्लेतिकोच्या पाच जणांना बाहेर काढलं. सातपेक्षा कमी खेळाडू उरले की सामना चालू ठेवता येत नाही, त्यामुळे ३७ व्या मिनिटाला ०-० असताना खेळ संपला आणि फ्लामेंगो पुढे गेला. झिकोच्या त्या संघाने नंतर चषक जिंकला. फ्लामेंगोचा तो सुवर्णकाळ, आत्लेतिकोवाल्यांच्या लेखी मात्र उघड दरोडा.

मग लंबक पार दुसऱ्या टोकाला गेला. १९८९ पासून पाचही गटांतले पहिले तिघे पुढे. पंधरा ते आणि थेट येणारा गतविजेता, असे सोळा. म्हणजे साठ सामने खेळवायचे ते फक्त पाच संघांना घरी पाठवण्यासाठी! बाद फेरीची रंगत वाढली हे खरं, पण तिच्या आधीचा पसारा बराचसा औपचारिक झाला. हे १९९९ पर्यंत चाललं. १९९८ पासून मेक्सिकोचे क्लबही येऊ लागले आणि पाच गटांची ती चौकट अपुरी पडू लागली.

आजची रचना २००० ची. ३२ संघ, चार-चारचे आठ गट, पहिले दोघे पुढे. गतविजेत्याची सवलत संपली, तोही पहिल्या दिवसापासून खेळतो. मध्ये २००४ साली नऊ गटांचा एक किचकट प्रयोग झाला, त्यात काही उपविजेत्यांना जादा लढत खेळावी लागली, आणि वर्षभरात तो गुंडाळला गेला.

आता संघ सोडतीने ठरतात आणि एका देशाचे दोन क्लब सहसा एकत्र येत नाहीत. अपवाद पात्रता फेरीतून येणाऱ्यांचा. त्याच वाटेने २०२० मध्ये पोर्तु आलेग्रीचे ग्रेमियो आणि इंतेर्नासियोनाल हे दोन सख्खे शेजारी एका गटात आले. १२ मार्चला लिबर्तादोरेसमधली त्यांची पहिलीवहिली गाठ ०-० सुटली, लाल कार्डं मात्र आठ निघाली. त्यानंतर कोरोनामुळे स्पर्धा थांबली ती थेट सप्टेंबरमध्ये सुरू झाली. पुढच्या वर्षी त्याच साथीने रिव्हरचे वीसहून अधिक खेळाडू आडवे केले. कोलंबियाच्या सान्ता फेविरुद्ध गोलरक्षकच उरला नव्हता, राखीव एकही नाही. मधल्या फळीतला एन्झो पेरेझ हातमोजे चढवून उभा राहिला आणि रिव्हर २-१ ने जिंकला.

गटसाखळीचा एक खेळाडू गुणतक्त्यात दिसत नाही, तो म्हणजे उंची. बोलिव्हियाचे क्लब बाद फेरीत क्वचित पोचतात, पण गटात त्यांच्या घरी जावंच लागतं. ला पाझचं एर्नांदो सिलेस मैदान सुमारे ३,६०० मीटरवर आहे, म्हणजे लेह शहराहून थोडं वरच. २००७ मध्ये फ्लामेंगो त्याहून उंच पोतोसीत रिआल पोतोसीशी खेळला. २-२ अशी बरोबरी झाली, पण खेळाडूंना प्राणवायू लावावा लागला आणि क्लबने आरडाओरडा केला. त्याच वर्षी मे महिन्यात फिफाने २,५०० मीटरवरच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांवर बंदी घातली. बोलिव्हियाचे अध्यक्ष एव्हो मोरालेस स्वतः विरोधात उतरले आणि वर्षभरात बंदी उठली.

२०१७ मध्ये आणखी मोठी फेररचना झाली. स्पर्धा वर्षभर, नोव्हेंबरपर्यंत चालू लागली, संघ ४७ झाले आणि या वेळापत्रकाशी मेळ बसेना म्हणून मेक्सिकोचे क्लब बाहेर पडले. गटातला तिसरा आता कोपा सुदामेरिकाना या दुय्यम स्पर्धेत जातो, त्यामुळे शेवटच्या फेरीत तिसऱ्या जागेसाठीही झुंज लागते. पहिला की दुसरा यालाही किंमत आहे: गटविजेत्यासमोर गटात दुसरा आलेला संघ येतो, आणि गटातल्या कामगिरीवरून बाद फेरीत परतीचा सामना कुणाच्या घरी ते ठरतं. ब्राझीलमधले रात्री साडेनऊचे सामने आपल्याकडे सकाळी सहाला लागतात, म्हणून इथे बघणाऱ्यांचा शेवटच्या फेरीचा आठवडा चहासोबत गोलफरक मांडण्यात जातो.

तरीही पहिलं येणं म्हणजे सर्वस्व नव्हे. रिओचा बोताफोगो २०२४ मध्ये पात्रता फेऱ्या खेळून गटात आला आणि पहिले दोन्ही सामने हरला. गटात कोलंबियातल्या बारांकियाच्या जुनिओर क्लबच्या मागे तो दुसराच राहिला. नोव्हेंबरअखेर ब्वेनोस आइरेसच्या मोनुमेंताल मैदानावर अंतिम सामन्यात पहिल्याच मिनिटात त्याचा एक खेळाडू लाल कार्ड घेऊन बाहेर गेला, आणि उरलेल्या दहा जणांनी आत्लेतिको मिनेइरोला ३-१ असं हरवून क्लबचा पहिला लिबर्तादोरेस चषक जिंकला.