पब्लिक फोल्डर रेप्लिकेशन (मेल सर्व्हर स्थलांतरातील)

मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज या मेल सर्व्हरवरील सामायिक फोल्डरांच्या प्रती एकाहून अधिक सर्व्हरांवर ठेवून त्या परस्परांशी जुळत्या राखण्याची पद्धत. एक्स्चेंज २००३ वरून २००७ किंवा २०१० वर जाताना फोल्डरांतील मजकूर प्रामुख्याने याच मार्गाने नव्या सर्व्हरवर नेला जात असे.

पब्लिक फोल्डर १९९६ मधील ४.० या एक्स्चेंजच्या पहिल्या आवृत्तीपासून आहेत. १९८९ मध्ये आलेल्या लोटस नोट्स या प्रतिस्पर्धी मेल व डेटाबेस प्रणालीचे रेप्लिकेशन पाहता ही सोय त्या स्पर्धेतून आली, असे म्हणता येते आणि त्यात काही तथ्य असावे. मात्र नोट्समध्ये दोन सर्व्हर थेट एकमेकांशी जोडले जाऊन डेटाबेस जुळवतात, तर एक्स्चेंजच्या २०१३ पूर्वीच्या आवृत्त्यांमध्ये प्रत्येक बदल मेल संदेशात घालून रवाना होतो. संदेश साठवून पुढे धाडण्याच्या एक्स.४०० या जुन्या मेल-मानकाच्या परंपरेशी हे अधिक जुळते आणि मूळ तिथे शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. दोषनिवारणात हा भेद निर्णायक ठरतो : रेप्लिकेशन अडले म्हणजे बहुधा मेल अडलेली असते, म्हणून फोल्डरांच्या मांडणीआधी मेलचा मार्ग तपासावा. त्यासाठी दोन्ही सर्व्हरांवर रेप्लिकेशनच्या येणाऱ्या व जाणाऱ्या संदेशांची लॉगमधील नोंद वाढवतात. संदेश निघालाच नाही, की निघून पोचला नाही, हे त्यावरून कळते.

फोल्डरांची उतरंड आणि त्यांतील मजकूर स्वतंत्रपणे प्रवास करतात. त्यामुळे नव्या सर्व्हरवर सर्व फोल्डर दिसतात, पण उघडल्यावर रिकामे आढळतात. राहिलेले बदल क्रमांकांवरून ओळखून सर्व्हर त्यांची मागणी करतो, परंतु ती तत्काळ जात नाही. मूळ मांडणीत एकाच साइटमध्ये (म्हणजे एका ठिकाणच्या सर्व्हरांच्या गटात) ६ तास, तर दुसऱ्या साइटकडून मजकूर घ्यायचा असल्यास १२ तास थांबले जाते. पहिला फेरप्रयत्न अनुक्रमे १२ व २४, त्यापुढील २४ व ४८ तासांनी होतो. मुख्य कचेरी पणजीत, कारखाना वेर्णा औद्योगिक वसाहतीत आणि दोन्हींकडे वेगळ्या साइट, अशी रचना असलेल्या गोव्यातील आस्थापनाने स्थलांतर चतुर्थीच्या सुट्टीत बसवायचे ठरवले, तर एक चुकलेली मागणीही ती सुट्टी संपवू शकते. या काळात प्रती काढून पुन्हा जोडण्याची घाई हानिकारकच ठरते.

खऱ्या दोषांपैकी दोन विशेष उल्लेखनीय आहेत. एक्स्चेंज २००३ रेप्लिकेशनची माहिती एक्सईएक्ससीएच५० (XEXCH50) या खास एसएमटीपी (मेल पाठवण्याच्या नियमावलीतील) आज्ञेने पाठवते. समोरच्या सर्व्हरने ओळख मागितली, अथवा मधल्या फायरवॉलने ती आज्ञा गाळली, तर साधी मेल सुरळीत जाऊनही रेप्लिकेशन थांबते. अशा वेळी लॉगमध्ये ५०४ क्रमांकाचा नकार दिसू शकतो. दुसरा दोष शेवटचा २००३ सर्व्हर काढल्यानंतर उद्भवतो : अॅक्टिव्ह डिरेक्टरी या मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हर व वापरकर्त्यांच्या नोंदसूचीतील जुन्या प्रशासकीय गटात (एकत्र व्यवस्थापित सर्व्हरांच्या संचात) ‘सर्व्हर्स’ हा रिकामा कप्पा उरला, तर नव्या सर्व्हरला पोचलेला रेप्लिकेशन संदेश फोल्डरांच्या डेटाबेसमध्ये उतरवता येत नाही. तेवढाच रिकामा कप्पा काढावा. जुना प्रशासकीय गट मात्र काढू नये.

जुन्या डेटाबेसवरील प्रतींची यादी पूर्ण रिकामी होईपर्यंत जुना सर्व्हर बंद करू नये. एक्स्चेंज २०१३ पासून पब्लिक फोल्डर विशेष मेलबॉक्समध्ये ठेवले जातात आणि वरील प्रकारचे रेप्लिकेशन त्या आवृत्तीपासून वगळण्यात आले.