गाड्या नेणारी फेरीबोट : सगळा खेळ दाराचा

आपल्याकडच्या माणसाची, म्हणजे संभाजीनगर, जालना, बीड, लातूर या पट्ट्यातल्या माणसाची फेरीबोटीशी गाठ पडते ती बहुतेक कोकणात. मे महिन्यात नाहीतर दिवाळीत दापोली-गुहागरची ट्रिप निघते, दाभोळला रस्ता संपतो, समोर वाशिष्ठीची खाडी, पलीकडं धोपावे, आणि चिपळूणवरून मोठा वळसा घालायचा नसेल तर गाडी सरळ बोटीवर घालायची. ही सेवा २००३ पासून चालू आहे. मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी मोठी रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी फेरी, त्यामानानं नवी, मार्च २०२० ची, ती बोट ग्रीसमध्ये बांधलेली आहे आणि रस्त्यानं शंभर किलोमीटरच्या वर पडणारं अंतर ती तासाभरात उरकते.

गाडी लागली की सगळे वरच्या मजल्यावर फोटो काढायला पळतात. मला विचाराल तर बघण्यासारखं खाली आहे, ते म्हणजे बोटीचं दार. दाभोळला बोट काठाला येताना एकदा नीट बघा, धक्का म्हणजे पाण्यात उतरत गेलेला काँक्रीटचा उतार असतो, बोट हळूहळू त्याच्यावर येते, पुढचा लोखंडी रॅम्प खाली सोडतात, त्याची कड काँक्रीटवर खरवडत टेकते आणि इंजिन बंद न करता बोट तशीच पुढं रेटून धरतात म्हणजे ती मागं सरकत नाही. आधी टू-व्हीलर, मग कार, एखादा टेम्पो. बोटीवरचा पोरगा "येऊ द्या, येऊ द्या" करत दोन गाड्यांत जेमतेम हात जाईल एवढीच जागा ठेवतो, हँडब्रेक ओढायला लावतो, गाडी गिअरमध्ये टाकायला सांगतो. पाच-दहा मिनिटांत बोट भरते आणि क्रेन नाही, हमाल नाही, काही नाही.

हे इतकं सोपं दिसतं पण त्यात खरी अडचण पाण्याच्या पातळीची आहे. मुंबईला मोठ्या भरतीला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं आणि सहा तासांनी उतरतं. रस्ता जागचा हलत नाही, बोट मात्र पाण्याबरोबर वर-खाली होते, मग या दोघांना जोडायचं कसं? उतार असला तर भरतीला बोट उतारावर वरच्या बाजूला टेकते, ओहोटीला खालच्या बाजूला, आणि रॅम्प कुठंही टाकला तरी चालतो.

हा प्रश्न पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर सोडवला गेला १८५० मध्ये, स्कॉटलंडला. फोर्थच्या खाडीवर तेव्हा पूल नव्हता आणि रेल्वे दोन्ही काठांवर येऊन थांबलेली. थॉमस बाउच नावाच्या इंजिनिअरनं ग्रँटन आणि बर्न्टआयलंड या दोन बंदरांमध्ये 'लेव्हायथन' नावाची बोट चालू केली जिच्या डेकवरच रूळ होते, मालगाडीचे डबे थेट बोटीत ढकलायचे. काठावरच्या उतारावर पण रूळ टाकून त्यावर चाकांचा एक मोठा सांगाडा ठेवला होता, पाणी चढलं की तो वर घ्यायचा, उतरलं की खाली सोडायचा, आणि त्याच्या टोकाचे गर्डर बोटीवर टेकवायचे. प्रवाशांना मात्र गाडीतून उतरून दुसऱ्या बोटीनं जावं लागायचं, डबे तेवढे मालाचेच. याच बाउचनं पुढं टे नदीवर पूल बांधला जो १८७९ च्या वादळात चालत्या गाडीसकट कोसळला, त्यामुळं त्याचं नाव लोक त्या अपघातासाठीच घेतात आणि हा रॅम्प विसरून जातात, ते मला बरोबर वाटत नाही.

मोटारी आल्या तरी बोटीची रचना लगेच बदलली नाही. इंग्लंडहून फ्रान्सला कार न्यायची तर ती क्रेननं उचलून जहाजात ठेवायची आणि रेल्वे कंपन्या त्याचे भरमसाट पैसे घ्यायच्या. १९२८ मध्ये कॅप्टन टाउनसेंड यांनी डोव्हर ते कॅले स्वतःची स्वस्त कार-सेवा काढली, पण क्रेन तिच्यावरही होतीच. खरा बदल महायुद्धानं केला. रणगाडे किनाऱ्यावर उतरवायला तोंडाला उघडणारं दार असलेली जहाजं बनवली होती, युद्ध संपल्यावर ती नुसती पडून राहिली, मग फ्रँक बस्टर्ड यांनी त्यातली काही भाड्यानं घेतली आणि १९४६ पासून त्यातून गाड्या न्यायला सुरुवात केली. रणगाडा जातो तिथून ट्रक जाणारच. रो-रो म्हणजे गाडी स्वतःच्या चाकांवर आत आणि स्वतःच्या चाकांवर बाहेर, ती पद्धत तिथून रुळली.

आता धोका कुठं आहे ते सांगतो. साध्या जहाजात पोटात आडव्या भिंती असतात, एका खणात पाणी शिरलं तरी बाकीचे कोरडे राहतात. फेरीच्या गाड्यांच्या मजल्यावर भिंत घालता येत नाही कारण गाडी या टोकाकडून त्या टोकाकडं सरळ जायला पाहिजे. म्हणजे एक लांबच लांब मोकळी खोली, आणि त्यात पाणी शिरलं की काय होतं ते आपल्या भागात कुणालाही कळेल कारण दुष्काळात टँकर आपण चिक्कार बघितलेत. पूर्ण भरलेल्या टँकरपेक्षा अर्धा भरलेला टँकर वळणावर जास्त ओढतो कारण आतलं पाणी एका बाजूला धावतं. फेरीच्या डेकवर हेच घडतं पण फार मोठ्या प्रमाणावर. समजा डेक १०० मीटर लांब आणि २० मीटर रुंद आहे, त्यावर फक्त १० सेंटिमीटर पाणी, म्हणजे घोट्याएवढं, तर ते २०० टन झालं. बोट थोडी कलली की हे २०० टन कललेल्या बाजूलाच जातात, मग ती अजून कलते, अजून पाणी तिकडं.

यातलं गणित मला फार आवडतं. मोकळ्या पाण्याचा हा परिणाम डेकच्या रुंदीच्या घनाप्रमाणं वाढतो, म्हणजे रुंदी दुप्पट तर परिणाम आठपट. उलट बघितलं तर डेकच्या मधोमध लांबीच्या दिशेनं एकच भिंत घातली तर परिणाम एकदम चौथ्या हिश्श्यावर येतो, दोन भिंती घालून तीन भाग केले तर नवव्या हिश्श्यावर. पाणी तेवढंच!

६ मार्च १९८७ ला बेल्जियमच्या झीब्रुग बंदरातून 'हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज' ही फेरी पुढचं दार उघडं ठेवूनच निघाली. त्या टाउनसेंडच्या कंपनीचीच पुढची पिढी ती चालवत होती. दार बंद करायचं काम ज्याच्याकडं होतं तो केबिनमध्ये झोपलेला, कॅप्टन उभा असतो तिथून दार दिसत नाही, आणि दार बंद आहे का हे सांगणारा दिवा वर लावा अशी मागणी आधी होऊनसुद्धा ती झिडकारलेली. धक्क्याचा रॅम्प वरच्या डेकपर्यंत पोचत नव्हता म्हणून पुढच्या टाक्यांत पाणी भरून नाक खाली केलं होतं ते पण तसंच राहिलं. वेग वाढला तशी पुढची लाट दाराच्या वर आली, पाणी आत घुसलं आणि साधारण दीड मिनिटात जहाज आडवं झालं. १९३ माणसं गेली. एका दिव्याचा खर्च तो किती, हे वाचताना अजूनही संताप होतो.

त्यानंतर दाराचे दिवे आणि डेकवर कॅमेरे सक्तीचे झाले. तरी २८ सप्टेंबर १९९४ ला 'एस्टोनिया' बाल्टिक समुद्रात बुडाली, तिथं दार कुणी उघडं ठेवलं नव्हतं, लाटांच्या माऱ्यानं नाकाचा वर उचलायचा भाग कुलपं तुटून निखळला आणि त्यानं आतला रॅम्पही ओढून उघडला. ८५२ माणसं गेली. १९९६ मध्ये उत्तर युरोपच्या देशांनी नियम केला की जहाजाला धक्का बसून डेकवर अर्ध्या मीटरपर्यंत पाणी आलं तरी फेरी उभी राहिली पाहिजे.

दाभोळसारख्या खाडीतल्या बोटी वेगळ्या, डेकवर छत नाही, आलेलं पाणी बाजूनं निघून जातं, तिथं काळजी असते वजनाची. बोट पाण्यात ३० मीटर बाय ९ मीटर जागा व्यापत असेल तर एक कार चढल्यावर ती अर्धा-पाऊण सेंटिमीटरच खाली जाते, पण २५ टनांचा उसाचा ट्रक चढवला तर नऊ सेंटिमीटरच्या वर. आणि तो एका कडेला उभा केला तर बोट कलणार. म्हणून तो पोरगा गाड्या कुठं लावायच्या ते सांगतो तेव्हा त्याच्याशी वाद घालू नका.

नव्या बोटींमधली मला सगळ्यात भारी वाटते ती नॉर्वेची 'अँपिअर', २०१५ पासून बॅटरीवर चालते, १२० कार घेते, वीसेक मिनिटांत फिओर्ड, म्हणजे तिकडची डोंगरांमधली खाडी, पार करते. तिची बॅटरी १००० युनिटची. पण काठावरची गावं छोटी, तिथल्या लाईनला इतक्या पटकन चार्जिंगचा लोड झेपेना, म्हणून दोन्ही काठांवर वेगळ्या बॅटऱ्या ठेवल्या, बोट पाण्यात असताना त्या हळूहळू भरतात आणि बोट आली की झटक्यात तिच्यात ओततात. कमी व्होल्टेजमध्ये मोटार चालवणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला यातली हुशारी वेगळी समजवावी लागणार नाही.

हे सगळं वाचताना माझं मन सारखं नाथसागरावर, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयावर जातं. गंगापूर तालुक्यात भिवधानोऱ्याची पोरं थर्माकोलच्या तराफ्यावरून बॅकवॉटर ओलांडून शाळेत जातात हे २०२२ मध्ये हायकोर्टापर्यंत गेलं. कोयनेच्या शिवसागरावर तापोळ्याला बार्जवर गाड्या जातात, मग इकडं का नको? अडचण परत दारापाशीच येते. जायकवाडी पूर्ण भरलं की पातळी १५२२ फूट, मृतसाठ्याला टेकलं की त्याच्या साधारण २७ फूट खाली. आठ फुटाला एक फूट असा काँक्रीटचा उतार धरला तर २१६ फुटात काम होतं, पण काठ सपाट असेल, शंभर फुटाला एक फूट, तर पाणी २७०० फूट मागं सरकतं आणि मधे नुसता गाळ, त्यात ट्रॅक्टरसुद्धा रुततो. म्हणून आधी दोन्ही बाजूंना उभा काठ असलेल्या जागा मोजून काढाव्या लागतील, आणि उताराचं काम उन्हाळ्यात, पाणी खाली गेलेलं असतानाच उरकावं लागेल.