फड

सिंचन, ऊसतोड, तमाशा, कुस्ती, वारकरी परंपरा आणि पेशवाईतला कारभार अशा अनेक क्षेत्रांत 'फड' हा पारिभाषिक शब्द आहे. माणसे किंवा जमीन एका व्यवस्थेखाली एकत्र येणे एवढेच या अर्थांत समान आहे.

खानदेशात महत्त्वाचा अर्थ पाटपाण्याचा. पांझरा, मोसम, आरम या नद्यांच्या खोऱ्यांत, म्हणजे धुळे जिल्ह्यात आणि शेजारच्या बागलाणात, फड पद्धत काही शतके चालत आली आहे. नदीपात्रात खडक उघडा पडलेला असेल तिथे दगडी बंधारा घालतात. त्यातून निघणारा कालवा २ ते १२ किलोमीटर जातो. कालव्यातून चाऱ्या (उपकालवे), चाऱ्यांतून सारंग (शेतातले छोटे पाट), आणि सारंगातून पाणी वावरात पोचते. जादा पाणी सांडव्यावाटे परत नदीत जाते. पंप कुठेच लागत नाही, सारे काम उताराचे.

बंधाऱ्याखालची जमीन सहसा तीन-चार फडांत विभागलेली असते. एक फड १० ते २०० हेक्टरांचा असू शकतो. एका फडात एका वर्षी एकच पीक घ्यायचे, हा नियम या पद्धतीचा कणा आहे. उसाला वारंवार पाणी लागते. त्याला खेटून गहू किंवा हरभरा असला तर पाझराने तो पिवळा पडतो आणि जमीन चिबड, म्हणजे पाणथळ होते. म्हणून ऊस एका फडात, हंगामी पिके दुसऱ्यांत, आणि पुढे फेरपालट. शक्यतो प्रत्येक शेतकऱ्याचा तुकडा प्रत्येक फडात असतो. पाणी कमी असले की गाव एखादा फड पडीक ठेवते, त्यामुळे तूट सगळ्यांच्या वाट्याला येते. समन्यायी पाणीवाटपाचे इतके साधे आणि पक्के उदाहरण विरळाच.

पाणी शेतकरी स्वतः घेत नाही. पाटकरी बारे धरतो, म्हणजे वावरांना पाणी देतो. त्याच्यावर देखरेख हवालदाराची, पिकाची राखण जागल्याची. चाऱ्यांतला गाळ काढण्याचे श्रम जमिनीच्या प्रमाणात वाटले जातात. हे काम राहिले की शेवटच्या वावरापर्यंत पाणी पोचत नाही आणि भांडणे सुरू होतात. वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरी वाढल्या, तसा नदीचा उन्हाळी प्रवाह घटला. ज्याच्याकडे विहीर आहे तो फडाचे पीक सोडून स्वतःचे पीक घेऊ लागतो, आणि एकपिकाचा नियम तिथेच मोडतो.

तमाशात फड म्हणजे फडमालकाच्या नावाने चालणारा संच: ढोलकीवाला, सोंगाड्या, नाचणाऱ्या, शाहीर. गण, गौळण, बतावणी, वग हा त्याच्या खेळाचा क्रम. सारंगखेड्याच्या दत्तयात्रेसारख्या जत्रांत असे फड उतरतात. संगीत बारीला, म्हणजे मुख्यतः लावणी सादर करणाऱ्या तमाशाच्या प्रकाराला, फड म्हणत नाहीत, फड ढोलकीचा.

कुस्तीत फड म्हणजे जत्रेत भरलेल्या कुस्त्या आणि ती जागाही; 'फड मारला' म्हणजे मैदान जिंकले. वारकऱ्यांत फड ही गुरुपरंपरेने चालणारी कीर्तन-भजनाची संस्था, जसे वासकर फड, देहूकर फड. पेशव्यांच्या हुजूर दफ्तरातही (मध्यवर्ती कचेरीतही) 'फड' नावाची शाखा होती.

ऊसतोडीत मात्र फड म्हणजे तोड चालू असलेले शेत. टोळी कोयत्याने बुडख्यालगत ऊस तोडते, वाढे (उसाचे शेंडे) कापते, मोळ्या बांधते. पांझराकाठी दोन्ही अर्थ एकाच वावराला लागू पडतात: 'उसाचा फड' म्हणजे त्या वर्षी ऊस लावलेला सिंचनाचा सबंध विभाग, तर टोळीच्या मुकादमाला तोच शब्द फक्त आज तोडायच्या तुकड्यासाठी लागतो.