वानप्रस्थाश्रम

हिंदू धर्मशास्त्रातील चार आश्रमांपैकी तिसरा. गृहस्थाश्रमानंतरचा व संन्यासापूर्वीचा. जुन्या धर्मसूत्रांत आश्रम हे पर्याय म्हणून येतात: अध्ययन संपवून माणसाने त्यांतला एक निवडावा. आयुष्यात एकामागून एक येणारे टप्पे ही मांडणी नंतरची. मनुस्मृतीत ती पक्की झालेली दिसते.

वनात जाण्याचे वय पन्नास, असे सर्रास सांगितले जाते. मनूने (६.२) मात्र आकडा दिलेला नाही. अंगाला सुरकुत्या पडल्या, केस पिकले, नातवंड पाहिले की निघावे. पत्नीला मुलांच्या हवाली करावे किंवा सोबत न्यावे. तिला काय हवे, हे श्लोक विचारत नाही. घर सुटले तरी अग्निहोत्र (सकाळ-संध्याकाळ अग्नीत आहुती) आणि पंचमहायज्ञ (गृहस्थाचे रोजचे पाच यज्ञ) सुटत नाहीत. दारी आलेल्याला कंदमुळे का होईना, द्यायचीच. नांगरटीचे धान्य मात्र वर्ज्य. कर्तव्ये बरीचशी गृहस्थाचीच, मालकी तेवढी गेलेली. अग्नीही सोडायचा तो पुढे, सवय झाल्यावर.

हे प्रत्यक्षात किती कठीण, ते महाभारताच्या आश्रमवासिकपर्वात दिसते. मुले मारली गेल्यावर धृतराष्ट्र १५ वर्षे युधिष्ठिराच्याच घरी राहतो. युधिष्ठिर मान राखतो, भीम टोचून बोलतो. अखेर धृतराष्ट्र गांधारीसह वनाची वाट धरतो. त्याचे जाणे समजण्यासारखे आहे. कुंतीचे तसे नाही. तिचे मुलगे राज्यावर आहेत, पाया पडून थांबवत आहेत. तरी ती जाते. राज्यसुख मी पतीच्या काळात भोगले, मुलांनी जिंकलेल्या राज्याचे फळ मला नको, असे ती सांगते. पुढे तिघेही वणव्यात जळून मरतात. तो वणवा धृतराष्ट्राच्याच यज्ञाग्नीतून पेटलेला होता, असे नारद सांगतो.

पुढच्या धर्मग्रंथांनी वानप्रस्थ कलिवर्ज्यांत, म्हणजे कलियुगात निषिद्ध आचारांत घातला. तरी निवृत्तीनंतरच्या समाजकार्याला आजही हेच नाव दिले जाते. हिंगोली जिल्ह्यातील कडोळीत जन्मलेले जनसंघाचे नेते नानाजी देशमुख (१९१६–२०१०) साठी ओलांडल्यावर, १९७८ मध्ये सत्तेच्या राजकारणातून बाहेर पडले आणि गोंडा व चित्रकूट भागांत ग्रामविकासाच्या कामाला लागले. ते अविवाहित होते. त्यामुळे शास्त्राच्या चौकटीत हे उदाहरण बसत नाही.