'मग ही गोड का नाही?': सायडरची पार्श्वभूमी

नवरात्राच्या सुमारास इंदूरच्या चोइथराम मंडीत गेलं की सफरचंदांच्या पेट्यांमधून वाट काढावी लागते. हिमाचलचा माल तोवर ओसरत आलेला असतो आणि काश्मीरचा भरात असतो. पेटी उघडली की वर लाल, चकचकीत, एकसारखी फळं. इथल्या मराठी घरांत मुलं त्याला सर्रास 'सेब' म्हणतात, मोठी माणसं 'सफरचंद', आणि 'सेव' म्हटलं की इंदूरकराला लवंगेची शेव आठवते, फळ नाही.

यंदा कोजागिरी झाल्यावर भाचा इंग्लंडहून आला तो हेरफर्डशरच्या सायडरची, म्हणजे सफरचंदाचा रस आंबवून केलेल्या मद्याची, बाटली घेऊनच. रात्री गच्चीवर आम्ही मोठी माणसं बसलो. आत्याने एक घोट घेतला, थांबली आणि म्हणाली, "अरे, सफरचंदाची ना ही? मग गोड का नाही?" तुरट, किंचित आंबट, मागून जुन्या लाकडासारखा वास. तिला ती आवडली, पण प्रश्न तिने सोडला नाही. त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला लागलं की सायडरचा जवळजवळ सगळा इतिहास हाती येतो.

सोपं उत्तर असं की रसातली साखर यीस्टने खाल्ली आणि तिची दारू झाली. रसात साधारण 10 ते 12 टक्के साखर असते, ती पूर्ण आंबली की 5 ते 7 टक्के मद्यांश मिळतो. पण खरं उत्तर झाडात आहे. ही फळं मुळात खाण्याची नसतातच.

सफरचंदाचं माहेर मध्य आशियातल्या तिआनशान पर्वताच्या उतारांवर. तिथल्या रानटी सफरचंदापासून आजची जात आली. या झाडाचा एक स्वभाव आहे, त्याचं बी आईसारखं निघत नाही. गोड फळाचं बी पेरा, येणारं झाड बहुधा आंबट, कडू किंवा बारक्या फळांचं निघतं. हवं तेच फळ हवं असेल तर कलमच बांधावं लागतं. म्हणजे ज्या प्रदेशात बियांपासून झाडं वाढली, तिथे शरदात ढिगाने अशी फळं पडत असणार की जी कोणी तोंडात धरणार नाही. त्यांचं करायचं काय, याला शेतकऱ्यांनी दिलेलं उत्तर म्हणजे सायडर.

पुढे इंग्लंड आणि फ्रान्समधल्या बागाइतदारांना कळलं की याच कडू-तुरट फळांमुळे पेयाला अंग येतं. मग त्यांनी मुद्दाम तशीच झाडं निवडून त्यांची कलमं केली. 1903 मध्ये ब्रिस्टलजवळच्या लाँग ॲश्टन इथल्या संशोधन संस्थेतल्या बार्कर यांनी सायडरच्या सफरचंदांचे चार वर्ग पाडले: गोड, आंबट, कडूगोड आणि कडूआंबट. मोजमाप दोनच गोष्टींचं, आम्ल किती आणि टॅनिन किती. टॅनिन म्हणजे कोऱ्या चहात जिभेला जाणवतो तो तुरटपणा. 'किंग्स्टन ब्लॅक', 'डॅबिनेट', 'फॉक्सव्हेल्प' ही नावं त्या मुलखात आपल्याकडच्या हापूस-पायरीसारखी घेतली जातात, पण यातलं एकही फळ कोणी फळांच्या ताटलीत ठेवत नाही.

'शरदातली सायडर' म्हणतात त्यात एक गोम आहे. शरद हा तिच्या गाळपाचा हंगाम. ऑक्टोबर-नोव्हेंबरात फळं झाडाखाली पडतात, लांब काठ्यांनी फांद्या हलवून उरलेली पाडतात. काही दिवस ढीग करून त्यांना मऊ होऊ देतात. जुन्या पद्धतीत घोडा फिरवी त्या दगडी घाण्यात ती ठेचली जात. तो लगदा गवताच्या किंवा घोड्याच्या केसांच्या कापडाच्या थरांत रचून दाबाखाली ठेवत. रस ओकच्या पिंपात जाई आणि फळावरच्या, घाण्यावरच्या रानटी यीस्टवर हिवाळाभर संथपणे आंबत राही. वसंतात ऊन वाढलं की जिवाणू तिच्यातलं तीक्ष्ण आम्ल सौम्य करतात, नेमकं बागेला मोहोर येतो तेव्हा. म्हणून शरदात गाळपाच्या जागी जी निवांत प्यायली जाते ती बहुधा गेल्या वर्षाची असते. पुढ्यात नवा रस वाहतो आहे आणि पेल्यात गेल्या वर्षाचं पीक आहे, हे मला त्या पेयातलं सगळ्यात सुंदर वाटतं. जानेवारीत, जुन्या पंचांगाप्रमाणे 17 तारखेला, इंग्लंडच्या पश्चिमेकडच्या गावांत लोक बागेत जाऊन झाडाच्या मुळाशी सायडर ओततात आणि पुढच्या बहराची मागणी करतात. आपल्याकडे शेताला नैवेद्य दाखवतात, तीच भावना.

सतराव्या शतकात हेरफर्डशरमध्ये लॉर्ड स्कुडामोर यांच्या 'रेडस्ट्रीक' सफरचंदामुळे सायडर श्रीमंतांच्या टेबलावर गेली. तिला तिथवर नेण्यात काचेचा मोठा वाटा होता. जहाजांसाठी लाकूड राखायचं म्हणून 1615 मध्ये पहिल्या जेम्स राजाने काचेच्या भट्ट्यांत लाकूड जाळायला बंदी केली. भट्ट्या दगडी कोळशावर आल्या, आच वाढली आणि काच जाड, काळसर, मजबूत झाली. अशा बाटलीत आतला वायू दाबून धरता येतो. 1662 मध्ये इंग्रज वैद्य ख्रिस्तोफर मेरेट यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचलेल्या टिपणात मद्य फेसाळ करण्यासाठी त्यात साखर घालत असल्याचा उल्लेख आहे. शॅम्पेनशी ज्यांचं नाव जोडलं जातं ते फ्रेंच साधू दॉम पेरिन्यों आपल्या मठात आले 1668 मध्ये. फेसाळ मद्याचं श्रेय एकट्या फ्रान्सला देणं मला म्हणूनच पटत नाही.

या इतिहासाला काळी बाजूही आहे. डेव्हन परगण्यात सायडर पिणाऱ्यांना पोटात भयंकर कळा येत, हातपाय लुळे पडत. लोक दोष फळांच्या आंबटपणाला देत. 1767 मध्ये डॉक्टर जॉर्ज बेकर यांनी दाखवून दिलं की तिथल्या घाण्यांत आणि दाबयंत्रांत शिसं वापरलेलं असतं आणि आम्लात ते विरघळतं. हेरफर्डशरमध्ये शिसं वापरत नसत, तर तिथे हा आजारही नव्हता. मजुरांची कहाणीही याच बाजूची. शेतमजुरीचा काही भाग सायडरच्या रूपात देण्याची रीत होती, ती 1887 च्या कायद्याने बंद झाली. माणसाच्या घामाचा मोबदला पिंपातून मोजून देणं ही लबाडीच होती, आणि ती थांबली हे बरंच झालं.

अमेरिकेत जॉन चॅपमन (1774–1845) ओहायो-इंडियानाच्या भागात बियांपासून सफरचंदाची रोपं लावत फिरला. कलम करणं त्याला मान्य नव्हतं, त्यामुळे त्याच्या झाडांची बरीचशी फळं सायडरच्याच कामाची. 1840 च्या अध्यक्षीय निवडणुकीत विल्यम हेन्री हॅरिसन यांना विरोधकांनी 'लाकडी खोपटात बसून हार्ड सायडर पिणारा' म्हणून हिणवलं. त्यांच्या पक्षाने तेच चिन्ह उचललं आणि ते जिंकले. 1920 ते 1933 च्या दारूबंदीनंतर मात्र तिकडे नुसत्या 'सायडर' या शब्दाचा अर्थ गाळीव नसलेला गोड रस असा रुळला, आणि आंबलेल्या पेयाच्या नावाआधी दर वेळी 'हार्ड' लावणं भाग पडलं. इंग्लंडमध्ये तो शब्द लावावा लागत नाही. स्पेनच्या आस्तुरियासमध्ये तर हात डोक्यावर उंच धरून पेल्यात पातळ धार सोडतात आणि तेवढा घोट तिथल्या तिथे संपवतात. 2024 मध्ये युनेस्कोने या सायडर-संस्कृतीला आपल्या वारशाच्या यादीत घेतलं.

आता आत्याच्या प्रश्नाची आपल्याकडची बाजू. फळं आंबवणं आपल्याला परकं नव्हतं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आसवाची कृती आहे: 100 पल कपित्थ, 500 पल फाणित म्हणजे काकवी, आणि एक प्रस्थ मध (पल आणि प्रस्थ ही त्या काळची मापं). कपित्थ म्हणजे कवठ, माळव्यातलं आपलं कबीट, ज्याची चटणी इथल्या घरोघरी होते. माळव्याच्या पश्चिमेला अलीराजपूरकडे मोहाची परंपरा आजही जिवंत आहे, आणि अलीकडे मध्य प्रदेश सरकारने तिथल्या आदिवासी बचत गटांच्या मोहाच्या मद्याला 'हेरिटेज' म्हणून परवानगी दिली. मग सायडरच का नाही?

कारण सफरचंद आपल्याकडे आलं ते खायचं फळ म्हणून. 1870 मध्ये कॅप्टन ली यांनी कुलूजवळ बंदरोलला इंग्लंडहून आणलेल्या सफरचंदांची बाग लावली. त्या जाती आंबटसर होत्या. आपल्या बाजाराला त्या रुचल्या नाहीत. मग फिलाडेल्फियाहून 1904 मध्ये कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी आलेले सॅम्युएल स्टोक्स कोटगढला स्थायिक झाले. त्यांनी 1916 मध्ये अमेरिकेतल्या स्टार्क रोपवाटिकेची 'डिलिशस' जात तिथे लावली. ही गोड होती, लाल होती, आणि तिने हिमाचलच्या डोंगरांचं अर्थकारणच बदललं. स्टोक्स असहकार चळवळीत 1921 मध्ये तुरुंगात गेले, पुढे हिंदू धर्म स्वीकारून सत्यानंद झाले. मला हा माणूस फार मोठा वाटतो. पण त्यांच्या सफरचंदात आम्ल कमी आणि टॅनिन नगण्य, त्याची सायडर पाणचट होते. ज्या जिभेने केशरी दूध आणि मावाबाटी घडवली, तिनेच हे फळ निवडलं. चोइथराम मंडीतली पेटी त्या निवडीतूनच आली आहे.

(घरी करून पाहायची इच्छा झाली तरी विनापरवाना मद्य बनवणं मध्य प्रदेशच्या 1915 च्या आबकारी कायद्याखाली गुन्हा आहे, हे भाच्याला मी तेव्हाच सांगून ठेवलं.)

तो म्हणाला, म्हणजे आपल्याकडे कडू सफरचंदं नाहीतच. पण आहेत. 'डिलिशस'ला स्वतःच्या परागाने फळ धरत नाही, तिला दुसऱ्या जातीचा पराग लागतो. म्हणून हिमाचलच्या बागाइतदारांनी मधे मधे 'मंचुरियन'सारखी क्रॅब सफरचंदाची झाडं लावलेली असतात. बारकी, आंबट, तुरट फळं. मोहोर संपला की त्या झाडांचं काम संपतं आणि पेटीत ती फळं कधी येत नाहीत.

बाटलीतली शेवटची दोन बोटं आत्यासाठी ठेवली होती. तिने ती गरम गराडूबरोबर घेतली.